अक्षराआधी हात: ‘ओनामा’पासून अंगणवाडीपर्यंत

१/ मराठीत कोणत्याही गोष्टीचा आरंभ सांगायला तीन सुंदर शब्द आहेत: श्रीगणेशा, ओनामा आणि गमभन. तिन्हींचे मूळ मुलाच्या शाळेतल्या पहिल्या दिवसांत आहे. आज या शब्दांचे बोट धरून एक प्रश्न पाहू: लहान मुलाच्या हाती पहिले अक्षर केव्हा आणि कसे द्यावे? शेवटी माझे मतही मांडणार आहे. पटले नाही तर वाद जरूर घाला.

२/ ‘ओनामा’ हा ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनाचा बोलीतला अवतार. विद्यारंभी मुलाकडून हे वचन म्हणवून आणि गिरवून घेत. साधन होते धूळपाटी: लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे आणि चुकले की हात फिरवून पुसून टाकायचे. ‘धुळाक्षर’ हा शब्द तिथलाच.

३/ धूळपाटीवर चूक टिकत नाही, हा तिचा मोठा गुण. पण म्हणून पंतोजींची शाळा आनंदाची होती असे मानू नये. तिथे घोकंपट्टी होती, छडी होती आणि प्रवेश बहुतांशी ठरावीक जातींच्या मुलग्यांनाच होता. पावकी, निमकी, सवायकी तोंडपाठ असणारे, झरझर मोडी लिहिणारे कारकून त्या शाळांनी घडवले, हेही खरेच. मात्र ती मुले तीन-चार वर्षांची नव्हती.

४/ याच धुळाक्षरांनी पुढे समुद्र ओलांडला. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासमधील एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख होता. स्थानिक शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली आणि तीच रीत आपल्या शाळेत आणली. १७९७ मध्ये लंडनमध्ये त्याने या प्रयोगाचा वृत्तांत छापला. ‘मद्रास पद्धती’ म्हणून ती इंग्लंडभर पसरली.

५/ इंग्लंडमध्ये तिचे काय झाले? एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो गरीब मुले, त्यांच्यावर देखरेखीला थोडी मोठी मुले आणि हुकुमासरशी वाळूत उमटणारे एकच अक्षर. वाळू वापरायची ती कागदाचा खर्च वाचवण्यासाठी. म्हणजे साधन तेच, पण शिक्षणाची झाली कवायत. इतिहासाचा पहिला धडा इथे मिळतो: वाळूत, रंगात किंवा चित्रांच्या पुस्तकात आनंद आपोआप नसतो. ते साधन कोणाच्या सोयीसाठी वापरले जाते, यावर सारे ठरते.

६/ आता आपल्या वर्णमालेकडे वळू. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य: घशापासून ओठांपर्यंत ध्वनींची इतकी शास्त्रशुद्ध मांडणी जगात क्वचितच सापडेल. पण ती उच्चारशास्त्राची मांडणी आहे, ध्वनींचा नकाशा आहे. लिहायला शिकण्याचा जिना म्हणून ती रचलेली नाही. ‘क ख ग घ’ झाल्यावर मुलापुढे ‘ङ’ उभा राहतो आणि त्याने सुरू होणारा एकही शब्द त्या बिचाऱ्याच्या घरात नसतो.

७/ म्हणूनच ‘गमभन’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. ग, म, भ, न ही अक्षरे वर्णमालेत या क्रमाने येत नाहीत. पण लिहून पाहा. प्रत्येकाच्या उजवीकडे तीच उभी रेघ आणि डावीकडे थोडासा फरक. एक जमले की दुसरे हाताला ओळखीचे वाटते. हा क्रम उच्चारापेक्षा हाताकडे पाहणारा आहे. शिकणाऱ्याच्या हाताचा विचार आपल्याकडे झाला होता, याची खूण भाषेने एका वाक्प्रचारात जपली आहे.

८/ आता रोमला जाऊ, कारण ‘आधी हात’ या विचाराला पद्धतीचे रूप तिथे मिळाले. ६ जानेवारी १९०७. सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. इतक्या लहान मुलांना लिहायला-वाचायला शिकवावे असा त्यांचा आरंभी मानस नव्हता. आग्रह धरला तो पालकांनी, ज्यांतले अनेक स्वतः निरक्षर होते. पुढच्या चर्चेसाठी हे लक्षात ठेवा.

९/ माँटेसरींनी पालकांचे म्हणणे मानले, पण मुलांसमोर वही ठेवली नाही. खरकागदाची अक्षरे कापली. मुलाने दोन बोटे त्यावरून फिरवायची आणि त्याच वेळी ध्वनी उच्चारायचा. लेखणी पेलायला लागणारी बोटांची चिमूट त्याआधीच इतर खेळांतून तयार होत होती. सुट्या अक्षरांनी शब्द जुळवायचा खेळही होता. ‘लिही’ असे कोणी सांगत नव्हते.

१०/ पुढचा प्रसंग त्यांनी स्वतः नोंदवला आहे. डिसेंबरातल्या एका दिवशी मुले गच्चीवर होती. माँटेसरींनी एका पाच वर्षांच्या मुलाला खडू देऊन धुराड्याचे चित्र काढायला सांगितले. त्याने ते काढले, हरखून गेला आणि मला लिहिता येते असे ओरडत जमिनीवर इटालियनमध्ये ‘हात’ हा शब्द लिहिला. मग ‘धुराडे’, मग ‘छप्पर’. पाहता पाहता इतर मुलेही लिहू लागली.

११/ त्या मुलाने पहिला शब्द ‘हात’ लिहावा, हा योगायोग मोठा बोलका आहे. माँटेसरींच्या निरीक्षणात मुले आधी लिहू लागली, वाचन मागून आले. कारण समजण्याजोगे आहे. लिहिताना शब्द आपला असतो, तो आधीच मनात असतो. वाचताना दुसऱ्याच्या मनातला शब्द शोधावा लागतो. गांधीजींनीही आत्मकथेत स्वतःच्या वाईट हस्ताक्षराबद्दल खंत व्यक्त करताना मुलांना लेखनाआधी चित्रकला शिकवावी असे म्हटले आहे.

१२/ हा विचार आपल्याकडे रुजवला तो गिजुभाई बधेका यांनी. वकिली सोडून ते मुलांकडे वळले आणि १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्तीत त्यांनी बालमंदिर सुरू केले. गुजरातने त्यांना ‘मिशीवाली आई’ म्हटले. त्याच दशकात ताराबाई मोडक तिथे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले.

१३/ मात्र एक अडचण होती. माँटेसरींची साधने महाग होती; ती पद्धत शहरातल्या सुखवस्तू घरांपुरती उरण्याचा धोका होता. १९३९ मध्ये खुद्द माँटेसरी अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. त्या देशात असतानाच, १९४५ साली, ताराबाईंनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. सोबत होत्या अनुताई वाघ, स्वतः बालविधवा असलेल्या शिक्षिका.

१४/ साल पुन्हा पाहा: १९४५. याच भागात, याच वर्षी, वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव सुरू झाला होता. अशा घरांतली मुले गुरे राखत, धाकटी भावंडे सांभाळत. ती बालवाडीत येईनात. तेव्हा ताराबाईंनी साधा आणि विलक्षण निर्णय घेतला: मुले येत नाहीत ना, मग बालवाडीच त्यांच्या पाड्यात, त्यांच्या अंगणात न्यायची. ‘अंगणवाडी’ ही कल्पना अशी जन्मली.

१५/ १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेले. गुराख्यांसाठी कुरणातच भरणारी ‘कुरणशाळा’ निघाली. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, माती आली. बिया वेचण्याने बोटांची चिमूट घडते. माती मळण्याने मनगटात बळ येते. खडे मांडून आकार ओळखता येतात. खरकागदाने जे साधायचे, ते कोसबादने पायाखालच्या वस्तूंतून साधले.

१६/ आणि हात तर तिथे घरोघरी होताच. लग्नाच्या वेळी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक रेखणाऱ्या वारली स्त्रियांची ही मुले! ज्या समाजाला ‘निरक्षर’ म्हणून हिणवले गेले, त्याच्याकडे रेषेची केवढी परंपरा होती. कमी होती ती या रेषेला अक्षरापर्यंत नेणाऱ्या, न मारणाऱ्या माणसांची.

१७/ ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. नाव गेले; त्यामागची रीत त्याच वेगाने गेली नाही. पोषण आहार, वजने, लसीकरण, नोंदवह्या हे सारे एका सेविकेवर. खेळातून शिकवायला तिने वेळ कुठून आणायचा?

१८/ दुसऱ्या टोकाला शहरातले चकचकीत ‘ज्युनिअर केजी’. माझ्या चार वर्षांच्या भाचीला गृहपाठ असतो: पानभर ‘क’. तो ती काढतेही, दात-ओठ खाऊन. पण ‘क’चा शब्द विचारला की पाठ केलेले ‘कमळ’ सांगते. तिने कमळ पाहिलेले नाही. तिच्या घरात कप आहे, कढी आहे, आजीने भिजवलेली कणीक आहे. ती कणीक मळायला तिला फार आवडते. यांतले काहीही तिच्या वहीत पोहोचलेले नाही.

१९/ माझे मत असे: सहा वर्षांखालच्या मुलांना वहीतले सक्तीचे लेखन देऊच नये. यावर येणारा आक्षेप मी हलका मानत नाही. ‘खेळायला घर आहे, शाळेत अक्षर शिकवा’ असे कष्टकरी पालक म्हणतात, तेव्हा त्यामागे पिढ्यांची वंचना असते. सान लोरेन्झोचे पालकही हेच म्हणत होते आणि त्यांचा हट्ट योग्यच होता. माँटेसरींनी त्यांना अक्षर नाकारले नाही; मुलाचा हात तयार करून दिले. तडजोड नव्हे, हेच उत्तर आहे.

२०/ २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्याने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिक्षण मान्य केले आहे. कागद आपल्या बाजूने आहे. आता सेविकेला शिकवण्याचा मोकळा वेळ, चांगले प्रशिक्षण आणि सन्मानाचे वेतन हवे. आणि पालकांनी ‘किती पाने लिहिली?’ऐवजी ‘आज काय सांगितलेस, काय केलेस?’ असे विचारायला हवे. आनंदाचे शिक्षण ही श्रीमंतांची चैन असल्याचे कोणी म्हणाले, तर त्याला कोसबादचा पत्ता द्या.

२१/ इतिहासप्रेमी मित्रहो, एक काम तुमच्याकडे. घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारा: पहिले अक्षर कशावर काढले? धुळीत, दगडी पाटीवर, तांदळाच्या ताटात की वहीत? तेव्हा वय काय होते? आणि ज्यांना ते अक्षर मिळालेच नाही, त्यांनाही विचारा. उत्तरे खाली लिहा. मराठी मुलाच्या पहिल्या अक्षराचा इतिहास अजून बराचसा अशा आठवणींतच आहे.