चौदावा टेक गिऱ्हाईकाच्या घरी जात नाही



माझ्या व्हिडिओत मागच्या भिंतीला एक गिटार टांगलेली दिसते. ती शोभेची आहे का, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलंय. नाही हो, वाजवतो मी. बेचाळिसाव्या वर्षी शिकायला सुरुवात केली. कसं वाजवतो ते पुढे येईलच, कारण या गिटारमुळेच मला माझा एक सल्ला आज मागे घ्यायचाय. व्हिडिओत हे पाच मिनिटांत उरकलं होतं, इथे नीट सांगतो.

सल्ला तुम्हाला तोंडपाठ असेल. "परफेक्ट व्हायची वाट बघू नका. बनवा, फोटो काढा, टाका, ऑर्डर घ्या. जमत जाईल." तीन वर्षं मी हे प्रत्येक बॅचला सांगत आलोय. त्यातलं पहिलं अर्धं मला अजूनही पटतं. दुसऱ्या अर्ध्याने एका ताईंचं नुकसान झालं.

आधी गिटारचं सांगतो.

क्लास लावायला वेळ नव्हता, म्हणून ऑनलाइन शिकलो. जस्टिन सँडरको नावाचे एक ऑस्ट्रेलियन शिक्षक आहेत. 2003 पासून ते वेबसाइटवर गिटार शिकवतात आणि त्यातलं बरंचसं फुकट आहे. त्यांचा एक व्यायाम फार साधा आहे. दोन कॉर्ड घ्यायच्या, एक मिनिटाचा टायमर लावायचा आणि किती वेळा अदलाबदल झाली ते मोजून वहीत लिहायचं. माझा पहिला आकडा होता 14. दीड महिन्याने 38 झाला. डाव्या हाताच्या बोटांची टोकं तोवर चांगली घट्ट झाली होती. एफ कॉर्ड मात्र रडवत होती. पहिलं बोट सगळ्या सहा तारांवर आडवं दाबायचं असतं, आणि एक तरी तार मुकी राहायचीच.

मग मी माझाच सल्ला पाळला. फोन पुस्तकांच्या ढिगाला टेकवला, एक जुनं हिंदी गाणं वाजवलं आणि टाकलं.

इथे एक खरा फायदा झाला, तो नाकारणार नाही. वाजवताना आपण स्वतःला ऐकतच नसतो. सगळं लक्ष बोटांवर असतं. मला वाटायचं माझी लय पक्की आहे. रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं, प्रत्येक कॉर्ड बदलताना मी अडखळत होतो आणि मग ते भरून काढायला पुढे पळत होतो. नातेवाइकांनी "मस्त!" लिहिलं, अंगठे पाठवले. एका अनोळखी माणसाने लिहिलं, "मुखड्यानंतर तुम्ही वेग वाढवता, मेट्रोनोम 60 वर लावून बघा." पन्नास "मस्त"पेक्षा मला ती एक ओळ कामाला आली. तुम्हीही तुमच्या मालाबद्दल असंच एखादं नेमकं वाक्य शोधा. मावशीकडून ते मिळणार नाही, मावशीला तुमचं मन मोडायचं नसतं.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. टाकलेला व्हिडिओ चौदावा टेक होता. आधीचे तेरा मी डिलीट केले होते.

सोसायटीत तो व्हिडिओ फिरला. कोजागरीच्या कार्यक्रमात तेच गाणं वाजवा म्हणाले, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गाणार होत्या. मी हो म्हटलं. दुसऱ्या कडव्यात एफ आली, तार मुकी राहिली, मी थांबलो. काकू काही थांबल्या नाहीत. पुढची दोन मिनिटं त्या गात होत्या आणि मी त्यांच्या मागे कॉर्ड शोधत होतो. कुणी हसलं नाही. मसाला दूध देताना एक मुलगा फक्त एवढंच म्हणाला, "काका, व्हिडिओत छान वाजवलं होतं तुम्ही."

घरी येऊन मी फोन चालू केला आणि तेच गाणं न थांबता सलग दहा वेळा वाजवलं. तीन वेळा स्वच्छ आलं. म्हणजे लोकांना दाखवला होता दहापैकी दहा येणारा माणूस, आणि प्रत्यक्षात मी होतो दहापैकी तीनवाला.

तेव्हा मला वाटलं, चला, फजिती झाली, विसरून जाऊ. गिटारमध्ये चुकलेल्या सुराचे पैसे कुणी भरत नाही.

त्यानंतर वीस दिवसांनी त्या ताईंचा फोन आला.

नाशिककडच्या आहेत, माझ्या बॅचला होत्या. भाजणीची चकली करतात आणि खरंच सुंदर करतात. एका ऑफिसला त्यांनी अर्धा किलो सॅम्पल दिलं होतं. लोक खूश झाले आणि दिवाळीसाठी 40 किलोची ऑर्डर आली. ताईंनी आजवर एका वेळी दोन किलोच्या वर चकली केली नव्हती. मनात धाकधूक होती, पण "सर, तुम्ही म्हणाला होतात ना, ऑर्डर आधी घ्या, जमेल." बहिणीकडून उसने पैसे घेऊन त्यांनी तेल, डाळी, डबे भरले.

चकली करणाऱ्यांना पुढचं कळेल. अर्ध्या किलोला मोहन अंदाजाने घातलं तरी चालून जातं, कारण हाताला पीठ समजतं. मोठ्या परातीत तो अंदाज चुकतो. एका घाण्यात मोहन जास्त होऊन चकली तेलात विरघळते, तर दुसऱ्या घाण्यात कमी पडून दगड होते. वेळ कमी म्हणून कढई भरून टाकली की तेल थंड होतं आणि चकली तेल पिते. मग घाईने आच वाढवायची, की वरून लाल आणि आतून मऊ. शेवटच्या रात्री गरम असतानाच डबे बंद केले, वाफ आत राहिली. 11 किलो परत आले आणि तेवढे पैसे कापले गेले. ताई मला एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. मला ते जास्त लागलं.

त्यांचं सॅम्पल आणि माझा चौदावा टेक, दोन्ही एकच गोष्ट. निवांत दिवस, छोटा घाणा, पूर्ण लक्ष. गिऱ्हाईकाला मिळतो तो तुमचा मंगळवार. लाईट गेलेली, मुलाला ताप, मदतनीस आलेली नाही, असा मंगळवार.

गंमत म्हणजे इंटरनेटवर आपण सतत दुसऱ्यांचे चौदावे टेकच बघत असतो. डिसेंबर 2005 मध्ये यूट्यूबवर फक्त "गिटार" असं नाव असलेला एक व्हिडिओ आला. टोपीखाली चेहरा झाकलेला एक मुलगा आपल्या खोलीत बसून पाखेलबेलच्या कॅननची रॉक आवृत्ती वाजवतोय. ती रचना तैवानच्या जेरी चँगची. वाजवणारा कोण, हे कित्येक महिने जगाला माहीत नव्हतं. ऑगस्ट 2006 मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने छापलं, की तो कोरियाचा लिम जोंग-ह्यून. कोट्यवधी लोकांनी ते बघितलं. ट्रेनिंगवाले (त्यात मीही आलो) हे उदाहरण देऊन सांगतात, "बघा, खोलीत बसून टाकलं आणि जगभर पोचलं!" पण तीच रचना वाजवून टाकणारे आणखी असंख्य होते, त्यांचं नाव आम्ही घेत नाही. आणि लिमच्या हाताला तो वेग यायला किती रात्री गेल्या असतील, तेही त्या पाच-साडेपाच मिनिटांत दिसत नाही.

एक धंद्याची गोष्टही इथे बसते. फेंडर ही मोठी गिटार कंपनी. तिचे प्रमुख राहिलेले अँडी मूनी यांनी मुलाखतींत सांगितलंय, की नव्याने शिकणाऱ्यांपैकी सुमारे 90 टक्के लोक पहिल्या वर्षातच गिटार सोडतात. दुकानात विक्रेता वाजवून दाखवतो तेव्हा गिटार गोड वाजते. घरी तीच गिटार आपल्या हातात खरखरते, बोटं दुखतात, आणि ती कपाटामागे जाते. 2017 मध्ये कंपनीने शिकवण्याचं ॲप काढलं. त्यांना कळलं होतं, की घरी नेल्यावर गिऱ्हाईकाचं काय होतं, यावर पुढची विक्री ठरते.

"मग सर, टाकूच नको का काही?"

टाका ना. शिकत असताना जरूर टाका, पण सराव आहे असं सांगून टाका आणि नेमकी चूक सांगणारे लोक गोळा करा. मी आता बिघडलेले टेकही टाकतो. पैसे घ्यायची वेळ आली की मात्र आधी दहाचा हिशोब करा. ऑर्डरच्या मापात, रोजच्या धावपळीत, न थांबता दहा वेळा तोच माल काढा. जमलं नाही ते घरी खा. चकली असो, ब्लाउजची शिलाई असो नाहीतर केकवरचं आयसिंग. दहापैकी नऊ येत असतील, तर घ्या ऑर्डर. पाच येत असतील तर 40 किलोला नाही म्हणा आणि पाच किलो मागून घ्या. ऑर्डर हातातून जाईल, याची भीती मला कळते. ताईंच्या त्या ऑफिसकडून आता पुन्हा फोन येणार नाही, तेही कळतं.

त्या 11 किलोंचे पैसे मी द्यायला गेलो होतो. ताईंनी घेतले नाहीत. म्हणाल्या, त्यापेक्षा वजनकाटा आणि तेलाचा थर्मामीटर कुठला घेऊ ते सांगा. आता त्या मोहन ग्रॅममध्ये मोजतात, दर रविवारी पाच किलोचा घाणा काढतात आणि मला आकडा पाठवतात. मीही त्यांना माझा पाठवतो. परवा त्यांचा आला, दहापैकी आठ डबे. माझं गाणं अजून सहावर अडलंय, एफपाशीच.