पट्टीनं गंडवलेलं रडार

पिंपळगावच्या द्राक्षबागांत पाखरं हुसकायला बांधलेली चमचमती पट्टी पाहिलीय ना? तसल्याच पट्ट्या फेकून ब्रिटिशांनी २४ जुलै १९४३च्या रात्री हॅम्बुर्गवर जर्मन रडार गंडवलं. लांबी सुमारे २७ सेंटिमीटर, म्हणजे रडारलहरीच्या निम्मी. त्यामुळे पट्ट्यांचा ढगही पडद्यावर विमानासारखा दिसायचा. ७९१ बॉम्बरपैकी १२च पडले. खाली शहर मात्र जळालं, त्या आठवड्यात हजारो नागरिक मेले.

गंमत बघा, ही युक्ती दोन्ही बाजूंना आधीच माहीत होती. समोरचा उचलेल म्हणून दोघंही गप्प!

२०२१मध्ये डीआरडीओच्या जोधपूर आणि पुण्याच्या प्रयोगशाळांनी जग्वार विमानांसाठी असंच 'चॅफ' विकसित केलं. विकत घेतलं, तर कुठल्या लहरीसाठी कापलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक असतं की!