उभी गाडी

घरात एखादी वस्तू येते तेव्हा तिची किंमत आपण एकदाच मोजतो. तिचा सांभाळ मात्र वर्षानुवर्षे मोजावा लागतो. गृहिणींना हे सांगण्याची गरज नसते. पुरुषमंडळींना, त्यातही तरुणांना, गाडीच्या बाबतीत त्याचा हमखास विसर पडतो. 2025 च्या चवथीला डिचोली तालुक्यातील सर्वण येथे थोरल्या बंधूंकडे गेलो असता या विसराचा एक नमुना पाहावयास मिळाला आणि सल्लागाराची नसती जबाबदारीही पदरी पडली.

माटोळी बांधून झाली होती. पुतण्याने मला हळूच अंगणात नेले आणि म्हणाला, "काका, तुम्ही एकदा ती गाडी पाहा. मग बाबांशी तुम्हीच बोला."

गाडी होती सॅन स्टॉर्म. तरुण वाचकांना हे नाव कदाचित ठाऊक नसेल. 1998 साली बाजारात आलेली ही दोन आसनांची, छप्पर उघडणारी छोटी गाडी आपल्या गोव्यातच तयार होत असे. तिचे अंग फायबरग्लासचे आणि इंजिन रेनो बनावटीचे, 1149 सी.सी.चे. रूप शर्यतीच्या गाडीचे, शक्ती मात्र साधारण साठ अश्वशक्तीची, म्हणजे चारचौघींसारखीच. आता ती बनत नाही. पुतण्याने शाळेत असताना मांडवीच्या पुलावर अशी एक लाल गाडी पाहिली होती आणि ती त्याच्या मनातून कधी उतरली नव्हती. म्हापशाकडील एका गृहस्थांची तशीच गाडी विक्रीस होती. मागणी अडीच लाखांची. तेवढे पैसे त्याच्याजवळ होते. पण ते कोठून आले होते, तेच खरे अवघड होते.

आमच्या बंधूंचे दोन टिपर खनिज वाहतुकीवर होते. 2012 साली गोव्यातील खाणी बंद झाल्या आणि दोन्ही टिपर घरासमोर उभे राहिले. कर्जाचे हप्ते मात्र उभे राहिले नाहीत. विमा, कर, बॅटऱ्या, जागच्या जागी तडे गेलेले टायर या सर्वांनी वहिनींच्या दोन बांगड्या खाल्ल्या. एक टिपर लवकर विकला. दुसरा अनेक वर्षांनी, मिळेल त्या भावाने गेला आणि त्या पैशांतला एक वाटा बंधूंनी मुलाच्या हाती ठेवला. त्याच पैशांतून आता गाडी घ्यावयाची होती. बंधूंनी विरोध केला नाही. ते एवढेच म्हणाले, "चालती गाडी कमावते, उभी गाडी खाते," आणि माटोळीतील सुपाऱ्यांचा घोस नीट करू लागले.

दीड दिवसाचे विसर्जन आटोपल्यावर आम्ही डिचोलीच्या एका जुन्या मेस्त्रींना घेऊन म्हापशाकडे गेलो. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. पुतण्या तिच्या रंगावरून हात फिरवू लागला; मेस्त्री मात्र थेट जमिनीवर आडवे झाले. फायबरच्या अंगाला गंज लागत नाही, ही आपल्याकडच्या पावसात मोठीच सोय. पण त्या अंगाखालचा सांगाडा लोखंडाचाच असतो, आणि अंग चकचकीत असले की आतील गंज दिसत नाही. मेस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने जोड टोचून पाहिले. मग इंजिनात तेल घालण्याचे झाकण उघडून आत पांढरट साय आहे का पाहिले. तशी साय दिसली तर रेडिएटरचे पाणी तेलात मिसळत असल्याची शंका घ्यावी. ती नव्हती. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. येथे 2214 होते, म्हणजे 2014 सालच्या बाविसाव्या आठवड्यातले टायर. नक्षी नव्यासारखी होती, पण रबर म्हातारे झालेले होते.

परतताना मेस्त्रींनी जे सांगितले ते मला फार मोलाचे वाटले. "बाब, इंजिनाची भीती नाही. टायमिंगचा पट्टा आधी बदलायचा. तो किती पळाला एवढंच बघायचं नसतं, किती वर्षांचा झाला तेही बघायचं. बाकी मोडतं ते दोन जातींचं. एक घडवता येतं, दुसरं मिळवावं लागतं."

या कसोटीवर आम्ही वहीत दोन रकाने आखले. अंगाला तडा गेला तर चिंता नाही. फायबरच्या होड्या बांधणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर आपल्या किनाऱ्यावर आहेत. छपराचे कापड गाद्या-सीटा शिवणारा शिवून देईल. ब्रेकचे तेल हवेतील दमटपणा शोषते. ते काढून नवे भरणे कोणत्याही गॅरेजात जमते. हे सारे घडवता येणारे. पण समोरची वळणदार काच, दिव्यांचे साचे, दारांची बेतशीर रबरे, इंजिनाचा संगणकी मेंदू हे मिळवावे लागणारे. इंजिनाचे काही भाग परदेशातून मागवता येतील, कारण तेच इंजिन रेनोच्या ट्विंगो आणि क्लिओ या गाड्यांतही होते. काच मात्र याच गाडीची हवी. एका उडालेल्या खड्याने ती फुटली, तर अडीच लाखांची गाडी पावसाळाभर ताडपत्रीखाली जाणार. खरी जोखीम ती.

यात काळाचीही भर पडली आहे. आता पंपावर सर्रास वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी केलेल्या नव्हत्या; त्या बदलणे ओघानेच आले. कागदपत्रांचेही तसेच. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. त्याचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून सहाशेचे पाच हजार झाले, आणि वीस वर्षांपुढील मोटारींसाठी ते ऑगस्ट 2025 मध्ये दहा हजारांवर गेले. अशा जुन्या गाडीचे विम्यातील मूल्यही ठरावीक कोष्टकातून निघत नाही; ते विमा कंपनी आणि मालक यांनी संमतीने ठरवायचे असते. ते लेखी ठरवून घेतले नाही, तर अपघातानंतर वाद ठरलेला.

बेरीज झाली ती अशी: पहिल्याच वर्षी सव्वा लाख, आणि पुढे दरमहा सरासरी पाच हजार. पुतण्याचा चेहरा उतरला. "म्हणजे घेऊ नको म्हणता?"

मी 'नको' म्हटले नाही. जन्मभर मनात राहिलेली वस्तू दुसऱ्याच्या बेरजेने मनातून जात नाही. ती फक्त बापलेकांच्या मध्ये येऊन बसते. मी म्हटले, "गाडी घेण्याआधी तिचा खर्च घेऊन पाहा. शिगम्यापर्यंत दरमहा पाच हजार वेगळ्या खात्यात टाक. गाडी दारात आहे असे समज. सहा महिने हा भार कुरकुर न करता वाहिलास, तर दादांशी मी बोलेन. दरम्यान ती काच कोठे मिळते का याचा शोध घे."

वाचकहो, जुनी गाडी, जुने घर किंवा जुना पंप घेताना ही परीक्षा प्रत्येकाने घ्यावी. तिला पैसे लागत नाहीत, उलट साठतात. उत्तर 'नाही' आले, तरी हाती काही राहते.

यंदाच्या शिगम्याला सर्वणला गेलो तेव्हा पुतण्याने वही पुढे केली. पाच महिने पाच-पाच हजार भरलेले होते. सहाव्या महिन्यात भरणा नव्हताच. उलट बारा हजार काढलेले होते. मागील दारच्या पडवीचे वासे वाळवीने खाल्ले होते आणि ते पावसाआधी बदलणे भाग होते. तो म्हणाला, "काका, गाडी असती तर त्याच महिन्यात तिनेही काहीतरी मागितले असते. तेव्हा कोणाला नाही म्हटले असते, ते मला सांगता येत नाही."

गाडी अजून विकली गेलेली नाही. मागणी दोन लाखांवर आली आहे. पुतण्याने आणखी सहा महिन्यांचा वायदा स्वतःहून घेतला आहे. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही ओसरीवर बसलो होतो. ज्या जागी टिपर उभे असत, तेथे आता वहिनींनी अबोली लावली आहे. बंधू बराच वेळ तिकडे पाहत होते. मग मुलाकडे न पाहताच त्यांनी विचारले, "त्या गाडीच्या काचेचे काय झाले? मिळते का कोठे?"