विश्लेषण : प्रत्येक फाइलला व्हॉट्सॲपच कशाला?

बारशाचे फोटो, दहावीची गुणपत्रिका, सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त आणि आधार कार्ड. या चार फाइल्समध्ये काहीही साम्य नाही. तरी बहुतेकांच्या फोनमधून त्या एकाच वाटेने बाहेर पडतात, ती म्हणजे व्हॉट्सॲप. फोन कोणता घ्यावा यावर महिनाभर खल करणारे लोक फाइल कशी पाठवावी यावर क्षणभरही थांबत नाहीत. या सवयीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. फोटोंचा दर्जा कायमचा घसरतो आणि कागदपत्रांच्या प्रती नको तिथे पडून राहतात.

पाठवलेले फोटो अस्पष्ट का होतात?

व्हॉट्सॲप फोटो लवकर पोहोचावा म्हणून त्याचा आकार कमी करते. मोबाइलच्या पडद्यावर हा फरक जाणवत नाही. तोच फोटो अल्बमसाठी मोठा छापायला दिला की चेहरे पुसट दिसू लागतात. 2023 मध्ये आलेल्या ‘एचडी’ पर्यायाने दर्जा सुधारला, पण त्यातही फोटो मूळ रूपात जात नाही. मूळ फोटोच द्यायचा असेल तर तो ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. 2022 पासून अशी 2 जीबीपर्यंतची फाइल पाठवता येते.

मात्र डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोसोबत त्याची लपलेली माहितीही जाते. कॅमेऱ्यात लोकेशन सुरू असेल, तर फोटो कुठे काढला हेही त्यातून कळते. घरच्यांना पाठवताना याने बिघडत नाही. जुने सामान विकताना अनोळखी माणसाला घरात काढलेला फोटो द्यायचा असेल, तर साधा फोटो पाठवणेच शहाणपणाचे.

माणूस समोर असताना इंटरनेट कशाला?

एकाच खोलीत बसलेले दोघे परस्परांना व्हिडीओ पाठवताना दोघांचाही डेटा खर्च करतात. त्याची गरज नाही. पूर्वी यासाठी शेअरइट आणि झेंडर ही ॲप्स घरोघरी होती. केंद्र सरकारने 29 जून 2020 रोजी 59 चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात ही दोन्ही होती. त्यानंतर ऑगस्टमध्ये गुगलने अँड्रॉइडमध्ये ‘निअरबाय शेअर’ आणले. 2024 च्या सुरुवातीला ते सॅमसंगच्या ‘क्विक शेअर’मध्ये विलीन झाले आणि दोघांचे नाव ‘क्विक शेअर’ राहिले. आयफोनमध्ये ‘एअरड्रॉप’ची सोय 2013 पासून आहे. म्हणजे वेगळे ॲप शोधण्याची वेळ केव्हाच संपली आहे. सोय फोनमध्येच असते, फक्त ती वापरली जात नाही.

या दोन्हींमध्ये ब्लूटूथ शेजारचा फोन शोधून देते आणि फाइल वायफायच्या लहरींवरून थेट त्या फोनमध्ये जाते. नुसत्या ब्लूटूथने 1 जीबीचा व्हिडीओ पाठवायला तासाहून अधिक वेळ लागू शकतो, वायफायने तो काही मिनिटांत पोहोचतो. दर्जाही तसाच राहतो. काळजी एवढीच, की फोन ‘सर्वांना’ दिसेल असा कायम ठेवू नये. दोन्ही प्रणालींत हा पर्याय दहा मिनिटांपुरता सुरू करता येतो, रेल्वे डब्यात तेवढाच पुरेसा आहे.

अडचण येते ती एकाकडे अँड्रॉइड आणि दुसऱ्याकडे आयफोन असला की. गुगलने नोव्हेंबर 2025 मध्ये पिक्सेल 10 फोनपासून क्विक शेअर आणि एअरड्रॉप यांची गाठ घालायला सुरुवात केली. ज्यांच्या फोनमध्ये ही सोय नाही, त्यांना लिंकचा मार्ग आहे.

लिंक केव्हा द्यावी?

लग्नाचे चारशे फोटो तीस नातेवाइकांना एकेक करून पाठवण्यात अर्थ नाही. गुगल ड्राइव्ह किंवा गुगल फोटोजवर एकदा चढवून लिंक दिली, की ज्याला हवे तो हवे तेवढे उतरवून घेतो. जीमेलवर 25 एमबीपेक्षा मोठी फाइल जोडली तरी ती ड्राइव्हची लिंक होऊनच जाते. गुगलची मोफत जागा 15 जीबी असते आणि त्यात ईमेल, ड्राइव्ह, फोटो सगळे आले. त्यामुळे काम झाले की मोठे व्हिडीओ तिथून काढावेत.

लिंक ‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडी ठेवली, तर ती पुढे कुठे जाईल यावर नियंत्रण राहत नाही. फोटोंसाठी हे चालून जाते. पॅन कार्ड किंवा बँकेचे स्टेटमेंट असेल, तर विशिष्ट ईमेललाच परवानगी द्यावी आणि नंतर ती काढून घ्यावी.

झेरॉक्सच्या दुकानात काय करावे?

खरा धोका इथे आहे. प्रवेशाच्या दिवसांत दुकानाच्या भिंतीवर एक मोबाइल क्रमांक लावलेला असतो आणि प्रत्येक जण त्यावर आधार, गुणपत्रिका, जातीचा दाखला पाठवतो. प्रिंट मिळते आणि पाच-दहा रुपयांत काम होते. फाइल मात्र दुकानाच्या संगणकात राहते. व्हॉट्सॲपचे एन्क्रिप्शन फाइल वाटेत कोणाला वाचू देत नाही, पण पोहोचल्यानंतर तिचे काय होते याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘सर्वांसाठी डिलीट’ केले तरी संगणकावर आधीच उतरवलेली प्रत पुसली जात नाही.

पासवर्ड असलेल्या ई-आधारचाही इथे उपयोग नाही. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष हा त्याचा पासवर्ड सर्वांना ठाऊक आहे, शिवाय प्रिंटसाठी तो सांगावाच लागतो. त्यापेक्षा आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवावे. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. फोनला जोडता येणाऱ्या ओटीजी पेनड्राइव्हवर तेवढीच एक फाइल घेऊन जाणे आणखी बरे. फोन केबलने दुकानाच्या संगणकाला जोडला आणि फाइल ट्रान्सफरला परवानगी दिली, तर सगळी गॅलरीच उघडी होते. प्रिंट झाल्यावर फाइल समोर पुसायला सांगण्यात संकोच नसावा.

जबाबदारी फक्त ग्राहकाची का?

नाही. अनेक कार्यालये आणि संस्था कर्मचाऱ्याच्या खासगी क्रमांकावर कागदपत्रे मागवतात. तो कर्मचारी नोकरी सोडून गेला, तरी शेकडो लोकांची ओळखपत्रे त्याच्या फोनमध्ये राहतात. डिजिलॉकरमधून दिलेली कागदपत्रे नियमांनुसार मूळ प्रतींच्या बरोबरीची मानली जातात, तरी ‘व्हॉट्सॲप करा’ हेच पहिले उत्तर असते. 2023 मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे तत्त्व साधे आहे : ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले आणि ती ठेवण्याचे कायदेशीर कारण उरले नाही, की ती पुसावी. हे तत्त्व काउंटरवर दिसेपर्यंत कायदा कागदावरच राहील.

मग निवड कशी करावी?

पाठवण्याआधी तीन प्रश्न पुरेत. माणूस समोर आहे की दूर? फाइल मूळ दर्जात हवी आहे का? आणि काम झाल्यावर तिची प्रत कोणाकडे राहणार? समोर असेल तर क्विक शेअर किंवा एअरड्रॉप, दूर असेल आणि दर्जा हवा असेल तर डॉक्युमेंट किंवा लिंक, आणि ओळखपत्र असेल तर शक्य तितकी कमी माहिती, शक्य तितक्या कमी हातांत. गप्पांसाठी, शुभेच्छांसाठी आणि रोजच्या फोटोंसाठी व्हॉट्सॲप उत्तमच आहे. घराची कागदपत्रे मात्र कपाटात कुलूप लावून ठेवायची आणि त्यांचेच फोटो भिंतीवरच्या क्रमांकाला पाठवायचे, हा विरोधाभास आता थांबायला हवा.