सहलीचा मुहूर्त

नोव्हेंबर संपता संपता आंबा घाटात सहलीच्या एसट्या एकमेकींना बाजू देताना दिसू लागतात. घाट चढणाऱ्या गाडीत आपली पोरे असतात. पन्हाळा, ज्योतिबा, अंबाबाई आणि रंकाळा एका दमात उरकायला निघालेली. घाट उतरणाऱ्या गाडीत कोल्हापूर-सांगलीकडची पोरे असतात. त्यांना गणपतीपुळे आणि समुद्र बघायचा असतो. दोन्हीकडच्या खिडक्यांतून हात हलतात, आरोळ्या ठोकल्या जातात. यात वावगे काही नाही. घाटावरच्या मुलाने समुद्र पाहावा, समुद्राकाठच्याने पन्हाळा पाहावा. पण रत्नागिरीतल्या चौथीच्या मुलाला विचारा, मांडवीची वाळू काळी आणि किल्ल्यापलीकडची पांढरी का रे? ते आधी तुमच्याकडे बघते आणि मग आईकडे. त्या वाळूवर ते चालायला शिकलेले असते.

यंदाचा अंक प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या विज्ञान सहलींवर काढायचे ठरले, तेव्हा एका जुन्या जाहिरातदाराने विचारले, ‘‘सहलीवर आख्खा अंक? लोक वाचतील काय?’’ जाहिरात मात्र त्यांनी दिली, त्याबद्दल त्यांचे आभार. उत्तर वाचकांनी द्यायचे आहे.

सहल ठरते कशी ते बघा. एसटी शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत देते, म्हणून आधी आगारात गाडी कधी मिळते ते विचारायचे. मग सत्र परीक्षा, नाताळ, स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा यांच्या फटीत बसणारा वार शोधायचा. पालकांची संमतीपत्रे, प्रथमोपचाराची पेटी, वरिष्ठांची परवानगी, जेवणाचे बघणारा ओळखीचा माणूस. हे सगळे जमवून आणणाऱ्या बाईंना किंवा गुरुजींना नावे ठेवण्याची आमची हिंमत नाही. पण या कागदांच्या चळतीत एक प्रश्न कुठेच विचारलेला नसतो. जे दाखवायचे आहे ते त्या दिवशी, त्या वेळी दिसते का?

समुद्राचेच घ्या. खडकाळ किनाऱ्यावर मुलांना दाखवण्यासारखे जे आहे ते भरतीच्या वेळी पाण्याखाली असते. खडकाला चिकटलेली कालवे, हात लागताच मिटणारी समुद्रफुले, मेलेल्या गोगलगाईच्या शंखात बिऱ्हाड थाटलेले खेकडे, खळग्यात अडकून पडलेले बोटभर मासे हे सारे ओहोटीच्या तासा-दोन तासांत उघडे पडते. तो तास कधी येतो हे किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना घड्याळाशिवाय कळे. तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आसपास भरती. तिच्या आधी सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी नऊच्या आत-बाहेर ओहोटी. चंद्र रोज पन्नासेक मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच मागे सरकते, एवढेच या हिशेबाचे गुपित. चौथीच्या मुलाला पाऊणकी येत असेल तर त्याला हे गणित येते. येत नसेल तर यासाठी तरी यावी.

आता याच हिशेबाने सहलीचा दिवस काढून पाहा. अष्टमीला भरती सकाळ-संध्याकाळ सहाला, म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला, अगदी शाळेच्या वेळात. पण अष्टमीला भांग असते. पाणी फार चढत नाही तसे फार उतरतही नाही. कालवांचे खडक जेमतेम डोके वर काढतात आणि मुले ‘समुद्र पाहिला’ म्हणून वही भरतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी खूप आत जाते. पण तेव्हा ओहोटीचा तळ येतो पहाटे साडेपाचला आणि पुन्हा तिन्हीसांजेला. त्या वेळी चौथीच्या मुलांना खडकावर कोण उतरवणार? उरतात द्वितीया, तृतीया आणि चतुर्थी. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान पडते. शाळेला सोयीचे असे दिवस महिन्यातून दोनदा येतात, सुट्टीचे वार वगळले तरी हाताशी चार-पाच राहतात. आगारातल्या कॅलेंडरवर हे लिहिलेले नसते, पंचांगात असते. पुढे नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ताडून घ्यावी हे खरेच. पण तक्ता उघडण्याआधी मुलांनी आपले उत्तर काढलेले असावे. चुकले तर किती मिनिटांनी चुकले, यातच पुढचा अर्धा तास जातो, आणि तो चांगला जातो.

वेळ आणि जागा ठरली तरी मुलांनी करायचे काय, हा प्रश्न राहतोच. त्याचे सर्वांत चांगले उत्तर आपल्याच किनाऱ्यावर सव्वाशे वर्षांपूर्वी देऊन झाले आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून गेला. ते टिपायला सर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गाच्या किल्ल्यावर येऊन राहिले. विजयदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १९८१ साली. (लॉकियर हे ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकाचे संस्थापक-संपादक, म्हणजे आमच्याच धंद्यातले, म्हणून थोडे जास्त कौतुक.) त्यांची यंत्रे ज्या चौथऱ्यांवर होती त्यांना आजही ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. तिथे हेलियमचा शोध लागला असे सहलीच्या मुलांना हमखास सांगितले जाते. ते तसे नाही. सूर्याच्या प्रकाशातली जी अनोळखी पिवळी रेषा पुढे हेलियमची ठरली, तिची गोष्ट १८६८ ची. त्या वर्षी १८ ऑगस्टच्या ग्रहणात फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते, आणि लॉकियरनी ती रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये बसून, ग्रहणावाचून पाहिली. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ साली, रॅम्झी यांच्या प्रयोगशाळेत. साहेब विजयदुर्गाला आले ते त्यानंतर.

पण विजयदुर्गाची खरी गोष्ट हेलियमपेक्षा मुलांच्या जास्त कामाची आहे. लॉकियरना मदतीला वैज्ञानिकांची फौज मिळाली नव्हती. मिळाले ते ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी. खग्रास स्थिती टिकणार होती सुमारे दोन मिनिटे. लॉकियरनी त्यांचे गट पाडले. एका गटाने सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचे फक्त चित्र काढायचे, दुसऱ्याने दिसणारे तारे टिपायचे, कुणी नुसते सेकंद मोजून मोठ्याने सांगायचे. ग्रहणाच्या आधी या सगळ्याची तालीम झाली. ज्याला तारे बघायचे त्याने प्रभामंडळाकडे बघत बसायचे नाही. जगातले सर्वांत देखणे दृश्य डोक्यावर असताना हे पाळणे सोपे नाही. पण दोन मिनिटांत भरपूर पाहून घ्यायचे असेल तर प्रत्येकाने थोडेच पाहावे लागते.

आमचे म्हणणे एवढेच की चौथीची सहल या खलाशांसारखी काढावी. चाळीस मुलांनी चाळीस गोष्टी बघू नयेत. पाच जणांनी एकाच खळग्यापाशी बसावे आणि पाणी परत येईपर्यंत तो सोडू नये. झाडगावच्या मत्स्यालयात शाळा येतात, रांग करून देवमाशाच्या सांगाड्याखालून जातात, ‘केवढा मोठा!’ म्हणतात आणि बाहेर पडून आइस्क्रीम खातात. कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे हे संग्रहालय आपल्या गावात आहे हे भाग्य. तिथे वीस मिनिटांत सगळी दालने संपवणे हा त्या भाग्याचा अपमान. एका मुलाने एक मासा निवडावा आणि त्याचे कल्ले मिनिटाला किती वेळा उघडतात ते मोजावे. शेजारच्याने दुसऱ्या जातीचा घ्यावा. मग दोघांची भांडणे होतात, तुझा मासा घाबरला आहे म्हणून, आणि पुन्हा मोजावे लागते. बाईंनी त्यात पडू नये.

वाळूलाही फार सामान लागत नाही: कागदात गुंडाळलेले लोहचुंबक आणि एक लिंबू. मांडवीच्या काळ्या वाळूत चुंबक फिरवला की त्याला मिशा फुटतात. ते कण मॅग्नेटाइटचे. त्याच्याबरोबर इल्मेनाइट नावाचे जड काळे खनिज असते. सह्याद्रीचा काळा दगड झिजला, नद्यांनी वाहून आणला, लाटांनी हलके कण उचलून नेले आणि हे जड कण मागे राहिले. पांढऱ्या समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा सापडला की त्यावर लिंबू पिळावे, बुडबुडे येतात. रत्नदुर्गाच्या एका बाजूला एक वाळू आणि दुसऱ्या बाजूला दुसरी, हा प्रयोग निसर्गाने आपल्यासाठी मांडून ठेवला आहे आणि शहर बसच्या तिकिटात होतो.

रजेच्या हिशेबात न बसणाऱ्या जागाही आहेत. सहलींचा हंगाम हिवाळ्यात असतो, पण सड्याचा हंगाम श्रावण-भाद्रपदात. तेव्हा जांभ्याच्या कातळावर साचलेल्या बोटभर पाण्यात सीतेची आसवे फुलतात. ही निळी-जांभळी इवलीशी फुले कीटकभक्षी वनस्पतीची आहेत, हे मुलांना सांगितले की ती पोटावर झोपून भिंग लावतात. कातळावरच्या मातीत नत्र कमी, म्हणून ही झाडे ते प्राण्यांकडून वसूल करतात. डिसेंबरात त्याच सड्यावर सहल नेली तर दिसते वाळलेले गवत. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई भलतीच दिशा दाखवते. तिथे मात्र कोरड्या दिवसांत जावे, शिल्पावर पाय न देता.

वेळासचे कासव आणखी वेगळे. सह्याद्री निसर्गमित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची अंडी राखण्याचे काम उभे केले. पण अंडे कधी फुटणार ते वाळूची ऊब ठरवते. मुले पहाटे उठून जातात, घरट्यावरची टोपली उचलली जाते आणि खाली काहीच नसते. अशा वेळी सगळ्यांची तोंडे उतरतात, बाईंची सर्वांत जास्त. तरी तो दिवस वाया गेला असे आम्ही मानत नाही. त्या दिवशीची वाळू किती गरम होती हे वहीत लिहिले असेल तर मुळीच नाही.

आता भीतीबद्दल. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले. ते दुःख या किनाऱ्याने जवळून पाहिले आहे. त्यानंतर शिक्षण खात्याच्या सूचनांत समुद्रकिनारा, नदी, तलाव, विहीर असली ठिकाणे टाळा असे आले. हमीपत्रावर ज्याची सही असते त्या मुख्याध्यापकाची झोप उडणे साहजिक आहे. पण ज्या शाळेच्या कुंपणाला समुद्र लागतो तिने समुद्र टाळायचा कसा? शाळा सुटल्यावर मूल तिथेच खेळणार आहे, आणि तेव्हा बरोबर बाई नसतील. पोहायला नेणे वेगळे आणि ओहोटीच्या खडकावर बसवणे वेगळे, हा फरक परिपत्रकाने केला नाही तरी आपण करू शकतो. ओहोटीच्या तळाच्या तासभर आधी उतरायचे, पाणी फिरले की वर यायचे. पायात जुने बूट, कारण कालवाची धार ब्लेडसारखी लागते. दहा मुलांमागे एक मोठे माणूस. जिवंत शंख हातात घ्यायचा नाही, उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवायचा. आणि बाईंनी याच जागी आदल्या ओहोटीला एकटे येऊन गेलेले असावे.

दोन शिक्षकांच्या शाळेला एवढी मोठी माणसे आणायची कुठून, हा रास्त प्रश्न. ती शाळेच्या आसपासच असतात. कालवे काढायला उतरणाऱ्या बायकांना कुठला खडक शेवाळाने सरकतो आणि पाणी कुठून आधी वळसा घालते ते ठाऊक असते. मिरकरवाड्यातला एखादा आजोबा म्हाकुळाच्या पोटातली शाईची पिशवी अशी सोडवून दाखवतो की थेंब सांडत नाही. त्यांना मानाने बोलवावे, चहा द्यावा आणि त्यांच्या कामाचा दिवस मोडत असेल तर त्याचे पैसेही द्यावेत. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुले शाळेत येईनात तर शाळा कुरणात गेली. त्यापुढे आपली ओहोटीपर्यंतची चाल म्हणजे काहीच नाही.

आपल्या जिल्हा परिषदेने गेल्या काही वर्षांत परीक्षा घेऊन निवडलेल्या मुलांना इस्रो आणि थेट अमेरिकेतली नासा दाखवली. खेड्यातले पोर विमानात बसले याचा आनंद आम्हालाही झाला. तरी ती सहल निवडलेल्यांची आहे. परीक्षेत न निवडलेल्या बाकीच्या वर्गाचे काय, एवढाच आमचा हट्ट. शिवाय आता सरकारनेच ‘आनंददायी शनिवार’ दिला आहे. त्यातले दोन शनिवार पंचांग बघून निवडले तर परवानगीचा अर्धा प्रश्न सुटेल.

दिवाळीची सुट्टी संपून त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास बहुतेक शाळा उघडलेल्या असतात. तिच्या पुढची द्वितीया ते चतुर्थी, सकाळची वेळ. परत आल्यावर ‘आमची सहल’ हा निबंध कृपा करून लिहायला लावू नका. तो गाडीत गाण्याच्या भेंड्यांनी सुरू होतो आणि ‘आम्ही खूप दमलो’ इथे संपतो. मुलांनी खडकावर बसून काढलेली चित्रे आमच्या पत्त्यावर पाठवा, पुढच्या अंकात छापू. खेकड्याचे पाय मात्र मोजूनच छापू.