सुखाचा वांटा

मागील महिन्यांत आमचा नातू रशियन भाषेचें एक पुस्तक घेऊन आला व म्हणाला, "आजोबा, सुखाला रशियन लोक 'श्चास्त्ये' म्हणतात. ह्याचा आपल्या संस्कृताशीं कांहीं संबंध असेल काय?" व्याकरण शिकविण्यांत जन्म घालविलेल्या माणसास असा प्रश्न म्हणजे पंक्तींत श्रीखंडच!

वाचकहो, ह्या शब्दाचे अवयव दोन. 'चास्त' म्हणजे भाग, वांटा. प्रारंभींचा उपसर्ग हा पुष्कळ शब्दवेत्त्यांच्या मतें आपल्या 'सु'चाच सगोत्र होय. तेव्हां अर्थ झाला 'चांगला वांटा'. कांहीं पंडित मात्र त्या उपसर्गाचा अर्थ 'सह' असा करितात. त्यांच्या मतें सुख म्हणजे सहभाग. खुद्द 'चास्त'चें मूळ चावणें ह्या अर्थाच्या धातूशीं जोडतात. म्हणजे भाग हा मूळचा तोडलेला घासच. 'उचास्त' म्हणजे दैवगति, आणि आपत्तीस म्हणतात 'नेश्चास्त्ये'.

आतां आपलें 'सौभाग्य' पाहा. 'भज्' म्हणजे वांटणें. त्यापासून भाग, भग आणि भाग्य. ज्याचा वांटा चांगला तो सुभग. त्याचा भाव तें सौभाग्य. शब्द निराळे, परंतु घडण तीच! शिवाय रशियन 'बोग' म्हणजे देव, हा ह्याच 'भग'चा सोयरा. 'बोगाती' म्हणजे धनिक, आणि ज्याच्या वांट्यास कांहीं आलें नाहीं तो दीन 'उबोगी'.

येथवर शास्त्र झालें. आमच्या वडिलार्जित वाड्याची वांटणी झाली तेव्हां तांब्याच्या एका घंगाळावरून आम्हां दोघां भावांत वर्षभर अबोला होता. घंगाळ आम्हांस मिळालें. वांटा चांगलाच होता. परंतु दिवाळीच्या पहांटे त्यांत कढत पाणी ओतलें, तों पाठीस तेल चोळावयास भाऊ नाहीं हें ध्यानांत आलें. स्नान तसेंच टाकून आम्हीं घंगाळ उचललें व त्याच्या दारीं नेऊन ठेविलें.

व्याकरणदृष्ट्या आम्हांस 'सु'च अधिक पटतो. तथापि 'सह' म्हणणाऱ्या पंडितांचें म्हणणें काय असावें, तें त्या पहांटेस कळलें होतें.

नातवास आम्हीं दोन्ही मतें सांगितलीं. घंगाळाची गोष्ट मात्र त्याच्या चुलत आजोबांनीं सांगितली, आणि तीही आमच्याच पंक्तीस बसून.