पिल्लू चावतं, आता काय करू?

दिवाळीनंतर आलेल्या पत्रांत लोणच्याची बुरशी आणि मुलांचा अभ्यास यांच्या जोडीला यंदा एक नवा विषय आला आहे. घरात हौसेनं आणलेलं गोल्डन रिट्रीव्हर जातीचं पिल्लू! कळंबहून, उमरग्याहून आणि इथल्या धाराशिवातूनही पत्रं आली आहेत, आणि सगळ्यांचा सूर एकच. 'आणलं तेव्हा किती गोड होतं! आता पदर सोडत नाही, मुलांच्या पोटऱ्या ओरबाडतं, पाहुणा आला की अंगावर उडी. घरचे म्हणतात, उन्हाळ्याआधी शेतावर नेऊन बांधून टाकू.'

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हिवाळ्यातल्या लाडवांचा ठरलेला विषय मी पुढच्या खेपेला ढकलला. आमच्याकडेही याच जातीचा कुत्रा आहे. इंग्रजी नाव सासूबाईंना पसंत नव्हतं, म्हणून तो मोत्या झाला. आता चार वर्षांचा आहे. तेव्हा पुढे लिहिते आहे ते नुसतं वाचलेलं नाही, रोज घरात पाहिलेलंही आहे.

आधी पिल्लू चावतं का, ते पाहू. ही जात मूळची स्कॉटलंडची. तिथल्या लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्याकडे नूस नावाचा पिवळा कुत्रा आणि बेल नावाची पाण्यात काम करणारी कुत्री होती. १८६८ साली त्यांना झालेल्या पिल्लांपासून ही जात पुढे वाढली. काम काय, तर बंदुकीनं पाडलेला पक्षी तळ्यातून, चिखलातून तोंडात धरून आणायचा, तोही पिसं न विस्कटता. म्हणजे पिढ्यानपिढ्या ज्याला तोंडात धरण्यासाठीच वाढवलं, ते पिल्लू आपल्या घरात आलं आहे. आपण वस्तू हातानं चाचपून पाहतो, ते तोंडानं पाहतं. तुमचा पदर फडफडला की त्याला पक्षीच दिसतो म्हणा ना!

त्यात दातांची भर. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात. एवढे दिवस हिरड्या शिवशिवत असतात. आपलं बाळ दात येताना खुळखुळा चावतं तेव्हा आपण त्याला द्वाड म्हणत नाही. इथं मात्र लगेच म्हणतो.

आणखी एक कारण आहे, ते विकणारे सांगत नाहीत. भावंडांशी खेळताना एखादं पिल्लू जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. दात किती रोवायचे, हा पहिला धडा ते तिथं शिकतं. म्हणूनच २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पण 'लहान असतानाच लळा लागतो' म्हणून महिना-सव्वा महिन्याचं पिल्लू उचलून आणणारे पुष्कळ. मग त्याच्या भावंडांनी द्यायचा धडा आपल्याला द्यावा लागतो.

तो कसा द्यायचा? भावंडं देतात तसाच. दात लागले की खेळ बंद. हात छातीशी घ्या, मान फिरवा, गप्प उभ्या राहा. किंचाळू नका आणि धावू तर मुळीच नका. मुलं 'आई गं' करून पळतात, पिल्लाला वाटतं शिवाशिवीच सुरू झाली! तरीही ते थांबलं नाही तर एक शब्द न बोलता अर्धा मिनिट दुसऱ्या खोलीत जा, दार लोटून घ्या. परत आल्यावर लगेच त्याच्या हक्काची वस्तू तोंडात द्या. दिवसातून वीस वेळा करावं लागलं तरी वीसही वेळा तसंच. चार-पाच दिवसांत कमी झालं नाही म्हणून सोडून देऊ नका; याला आठवडे लागतात.

हक्काच्या वस्तूसाठी पैसे घालवायची गरज नाही. जुन्या सुती साडीच्या तीन पट्ट्या काढा, घट्ट वेणी घाला, दोन्ही टोकांना गाठ मारा. ओली करून फ्रिजमध्ये गार केली तर दुखऱ्या हिरड्यांना आराम पडतो. सुटे धागे निघू लागले की मात्र ती टाकून नवी करा, धागे पोटात गेले तर आतडं अडतं. आणि जुनी चप्पल कधीच देऊ नका. जुनी कुठली आणि लग्नकार्यातली कुठली, हे त्याला कसं कळावं?

संध्याकाळी सात-आठच्या सुमारास पिल्लू पिसाळल्यासारखं घरभर धावतं आणि दिसेल त्याला चावतं, असंही एकीनं लिहिलं आहे. बहुतेक वेळा ती झोप असते, बरं का. या वयात दिवसाचा बहुतेक वेळ झोपेत जायला हवा. मुलं शाळेतून आली की त्याला उठवतात ते पुन्हा झोपूच देत नाहीत. शांत कोपऱ्यात त्याचं अंथरूण घाला आणि ते तिथं असताना कुणी हात लावायचा नाही, असा घरात नियमच करून टाका.

मारण्याबद्दल स्पष्ट लिहिते. आमच्या ओळखीच्या एका घरात वर्तमानपत्राची सुरळी करून नाकावर मारायची पद्धत होती. दात लागायचे थांबले, खरं आहे. पण आता तो कुत्रा हाक मारली तरी जवळ येत नाही, आणि हात वर केला की गुरगुरतो. गुरगुरण्यावरही मार बसला तर तेही तो बंद करील, आणि मग एक दिवस सूचना न देता चावेल. ताटलीजवळ गेलं की अंग ताठ करून गुरगुरणारं पिल्लू ही खेळातल्या चावण्याहून वेगळी गोष्ट आहे. तिथं घरगुती उपाय करत न बसता जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावं.

आता अगदी महत्त्वाचं. खेळताना का होईना, दात लागून रक्त आलं किंवा नुसतं खरचटलं, तरी ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. 'घरचंच पिल्लू आहे' म्हणून थांबू नका, कारण रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल. लस वेळेवर घेतली तर हा रोग टळतो. पिल्लाला रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात द्यायची असते. त्याआधी सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी सुरू होतात आणि चौथ्या महिन्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस चालतात. कार्ड मुलांच्या लसीकरणाच्या कार्डाशेजारी ठेवा, म्हणजे तारीख चुकत नाही.

शू-शीचं मी थोडक्यात सांगते. झोपून उठलं, जेवलं, खेळून थांबलं की लगेच बाहेर, रोज एकाच जागी. तीन महिन्यांच्या पिल्लाला तीन-चार तासांहून जास्त धरवत नाही, म्हणून रात्री एकदा उठणं आलं. काम झालं की शाबासकी तिथल्या तिथं द्या. घरात येऊन दिली तर ती घरात आल्याची होते. चुकून फरशीवर झालं तर नाक घासू नका, त्याला काहीएक कळत नाही. साबणाच्या पाण्यानं आणि मग थोड्या व्हिनेगरनं पुसा, वास राहिला की ते परत तिथंच बसतं. फिनेल वापरलंत तर फरशी वाळेपर्यंत पिल्लू दूर ठेवा, ते चाटतं.

वळण लावण्यात खरी अडचण पिल्लाची नसते, घरातल्या माणसांची असते! आई म्हणते 'बस', मुलगा म्हणतो 'सिट', आजोबा म्हणतात 'खाली बस रे बाबा'. एकाच गोष्टीला तीन शब्द. मी अर्धवेळ शाळेत शिकवते; तीन गुरुजींनी एकाच मुलाला एकच गणित तीन रीतींनी शिकवलं तर काय होईल, ते मला ठाऊक आहे. म्हणून रविवारी सगळ्यांनी बसून चार शब्द ठरवा: बस, थांब, सोड, ये. मराठीच ठेवा, म्हणजे आजीलाही ते घेता येतात. कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

त्याहून अवघड म्हणजे लाड आवरणं. आई म्हणते उडी मारू द्यायची नाही, आणि बाबा ऑफिसातून आले की तीच उडी झेलतात. जेवताना सगळे 'नाही' म्हणतात, आणि आजोबा हळूच भाकरीचा तुकडा खाली सोडतात. दहा वेळा नाही आणि अकराव्यांदा मिळालं, तर पिल्लू शिकतं की अकरा वेळा भुंकायचं. सासऱ्यांना 'देऊ नका' म्हणणं सुनेला जड जातं, हे मला कळतं. त्यावर उपाय असा की बक्षीस द्यायचं काम त्यांच्याकडेच सोपवा. 'मामंजी, तो खाली बसला की तुम्हीच द्या.' तुकडा तोच, हात तोच, फक्त आधी बसायचं. उड्यांचंही तसंच. चारही पाय जमिनीवर असले तरच कुणीतरी बोलेल, हात लावेल. पाहुण्यांना दारातच सांगा. थोडं चमत्कारिक वाटतं, पण आज बारा किलोचं पिल्लू वर्षभरात तीस किलोच्या आसपास जाणार आहे, आणि उडी कुणा म्हातारीच्या अंगावर पडली तर?

बक्षीस म्हणजे नखाएवढा पनीरचा तुकडा, उकडलेलं कोंबडीचं बोटूक, नाहीतर बिनमिठाचा एखादा शेंगदाणा. दिवसाच्या जेवणातून तेवढं वजा करा. 'सोड' शिकवताना तोंडातली वस्तू ओढू नका, मागे धावू नका. याहून चांगलं काही पुढे करा आणि सोडली की द्या. आणि 'ये' म्हणून बोलावल्यावर कधीही रागवायचं नाही, भले तुळशीच्या कुंडीतली सगळी माती अंगणात पसरलेली असो. आपल्याकडे गल्लीत उस्मानाबादी शेळ्या आणि कोंबड्या मोकळ्या फिरतात, तिथं हा एक शब्द पक्का नसेल तर शेजाऱ्यांशी भांडण ठरलेलं. पक्का होईपर्यंत पट्टा सोडू नका.

खेळातून किती शिकवता येतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला 'जंजीर' हा याच रिट्रीव्हर कुळातला, सोनेरी रंगाचा लॅब्राडोर. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्यानं तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स हुडकून काढलं. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. असे कुत्रे वास हुडकतात ते त्यांच्या लेखी खेळ असतो. सापडलं की शाबासकी, खेळणं. आपल्याला बॉम्ब शोधायचे नाहीत, चप्पल जागेवर राहिली तरी पुरे!

उन्हाळ्याचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं. आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि हे बिचारं थंड मुलखातलं, दुहेरी केसांचं. म्हणून केस भादरून टाकतात, ते करू नये. तेच केस उन्हापासूनही राखतात. रोज कंगवा फिरवून सुटलेले केस काढावेत. महिन्यातून एखादी आंघोळ पुरते, टँकरच्या दिवसांत हेही सोयीचं. फिरणं सकाळी सातच्या आत आणि अंधार पडल्यावर. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पायही पोळतात. परत आलं की कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहा. जोरजोरात धापा, दाट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या ही लक्षणं दिसली तर सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

दिवसभर कोंडलेलं पिल्लू उच्छाद मांडणारच. त्याला नाकाचं काम द्या. जुन्या टॉवेलमध्ये खाऊचे दाणे गुंडाळून गाठ मारा, शोधत बसेल. अंगणात माती उकरतं ते गारव्यासाठी. एका कोपऱ्यात ओली वाळू घातली की कुंड्या वाचतात.

आता शेतावर बांधण्याविषयी. ही जात राखणीची नाहीच, चोरापुढेही शेपूट हलवील. माणसांत वाढायला हवं त्या वयात साखळीला बांधलं तर ते माणसांना भिऊ लागतं, आणि भ्यालेला तीस किलोचा कुत्रा हा खराच धोका. शिवाय मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली बांधलेलं हे जनावर जिवंत राहीलच असं नाही. शेतावर राखण हवीच असेल तर शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या जानवळचे पश्मी कुत्रे आपल्या उन्हात वाढलेले आहेत, त्यांचा विचार करा. आणि हे पिल्लू खरोखरच सांभाळणं होत नसेल, तर आत्ताच, लसी पूर्ण करून, कार्डासकट एखाद्या चांगल्या घरी द्या. त्यात कमीपणा नाही.

जाता जाता: पिल्लाजवळ चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण येऊ देऊ नका, ही त्याला विषारी आहेत. शिऱ्यातले बेदाणेसुद्धा. उरलेली आमटी भाकरीवर घालून देण्याची आपली सवय आहे, तिच्यात कांदा-लसूण असतोच. त्याची भाकरी वेगळी काढा, बिनमिठाच्या वरणाबरोबर, आणि त्याच्या वयाला आहार किती नि कुठला, ते पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना विचारून घ्या.